किनाऱ्यावरचे पर्यटन: पैसा गावात किती राहतो आणि गावाचे काय जाते?

कर्लीकाठ यांचा प्रश्न

मालवण तालुक्यात एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर आणि माडांची बाग आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी न्याहारी-निवास योजनेत नाव नोंदवून मागच्या पडवीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. तेव्हा वर्षाला पंधरा-वीस कुटुंबे येत. आई घरात शिजेल तेच त्यांना वाढायची, म्हणजे सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. जाताना मंडळी कोकमाच्या आगळाची बाटली मागून नेत. आज आमच्या आठ खोल्या आहेत, नोंदणी मोबाइलवर होते आणि निम्म्या पाहुण्यांना पनीर लागते. सुरमई आम्ही बाहेरून येणाऱ्या गाडीवरून घेतो आणि ती पाहुण्यांच्या ताटात जाते. घरच्यांसाठी ती आता सणासुदीलाच शिजते. आणखी एक गोष्ट म्हणजे मे महिन्यात आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आई चार-पाच वर्षे हे सांगत होती आणि डाळच जुनी असेल असे म्हणून आम्ही तिला गप्प करत होतो.

मी तक्रारीच्या सुरात बोलतो आहे असे कृपया समजू नये. माझे दोन्ही काका मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर एक गावी परतले आणि दुसरे तिथेच मिळेल ती नोकरी करत राहिले. मी मात्र वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मुंबईची नोकरी सोडून घरी येऊ शकलो, ते केवळ या खोल्यांच्या जोरावर. त्यामुळे पर्यटन चांगले की वाईट हा वाद मला घालायचाच नाही.

आमच्यापुढची अडचण वेगळी आहे. पुण्याच्या एका गुंतवणूकदाराने आमची समुद्राकडची उरलेली बाग २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली आहे आणि तिथे वीस खोल्यांचे रिसॉर्ट व स्विमिंग पूल बांधण्याचा त्याचा विचार आहे. सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत. त्यांतले अकरा जण मुंबई-ठाण्याला राहतात आणि त्यांना एकरकमी पैसे हवे आहेत, हे मी समजू शकतो. ज्यांनी गोवा, बाली, मालदीव किंवा आपल्याकडचीच इतर ठिकाणे जवळून पाहिली आहेत त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की पर्यटन असे वाढले म्हणजे पैसा गावात किती राहतो, तो कोणाकडे राहतो आणि पाणी, किनारा, जत्रा यांचे नेमके काय होते. त्यातले कायमचे जाते ते काय आणि पुढे सावरता येते ते काय, एवढे कळले तरी भावकीच्या बैठकीत मला काही बोलता येईल. बैठक गणपतीत आहे, कारण सगळे गावी येतात ते तेव्हाच.


खाजन यांचे उत्तर

मी गोव्यातल्या बार्देशातला. तुमच्यापुढे आज जे आहे ते आमच्यापुढे तीस वर्षांपूर्वी होते, आणि तेव्हा आम्ही जे केले त्यातले निम्मे आज करणार नाही.

गोव्याच्या पर्यटनाकडे बाहेरचे लोक एकसंध गोष्ट म्हणून पाहतात. पण त्याचे निदान तीन काळ झाले आणि प्रत्येक काळात पैसा वेगळ्या हातात पडला. साठच्या दशकाच्या शेवटी हणजूण-कळंगुटला हिप्पी आले, ते रांपणकारांच्या घरातल्याच खोल्या भाड्याने घेऊन राहिले (रांपणकार म्हणजे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढून मासे धरणारे; तुमच्याकडे रापण म्हणतात, आमच्याकडे रांपण). पैसा थोडा होता, पण तो थेट घरातल्या बाईच्या पदरात पडत होता. दुसरा काळ चार्टर विमानांचा, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्याने ठरवलेल्या विमानांचा. १९८७ साली जर्मन पर्यटकांना घेऊन असे विमान आले तेव्हा आंदोलकांनी शेणफेक करून त्यांचे स्वागत केले होते आणि ती बातमी जगभर गेली. आंदोलकांचे म्हणणे तेव्हाही हेच होते की किनारा, पाणी आणि वीज हॉटेलांना आधी मिळेल आणि गावाला उरलेसुरले. या काळात पैसा मोठा आला, पण त्यातला बराचसा विमान कंपनी, परदेशातला प्रवास-व्यावसायिक आणि हॉटेलमालक यांच्यात वाटला गेला. गावाच्या वाट्याला टॅक्सी, शॅक, भाड्याच्या दुचाक्या आणि पगारी नोकऱ्या आल्या, आणि त्यांवर दोन पिढ्या जगल्या हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा काळ आत्ताचा, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. दिल्ली-मुंबईच्या माणसाला आता गोव्यात खोली नको आहे, घर हवे आहे, तेही बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) असलेले जुन्या वळणाचे. आमच्या वाड्यावर चौदा घरे आहेत. त्यांपैकी पाच घरांत वर्षातले दहा महिने फक्त पहारेकरी असतो, रात्री दिवा लागत नाही आणि चतुर्थीला आरतीला जाण्यासाठी दार उघडे सापडत नाही. जमिनीचे भाव या खरेदीमुळे असे चढले की गावातल्याच शिक्षकाच्या मुलाला गावात चार भिंती घेणे शक्य उरलेले नाही. ज्यांच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीत झाला त्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारावर आमच्याकडची असंख्य मुले इंग्लंडमध्ये गोदामांत आणि कारखान्यांत काम करतात, आणि त्यांची रिकामी घरे पुन्हा त्याच बाजारात येतात. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि २०२४ मध्ये आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली, हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावे.

माझे टोपणनाव ज्यावरून घेतले आहे त्या खाजन जमिनीबद्दल थोडे सांगतो, कारण ‘कायमचे काय जाते’ या तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तेच आहे. खाडीकाठची खारी जमीन बांध घालून आणि मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडून आमच्या पूर्वजांनी शेतीखाली आणली. पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी असे ते दुहेरी उत्पन्न होते. बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची असते. शेतकरी मोलमजुरी सोडून पर्यटनाकडे वळले, बांध बघायला माणूस उरला नाही, कुठे तो फुटला, कुठे कोणी मुद्दाम फोडला असे लोक बोलतात, आणि खारे पाणी भरलेले शेत मग ‘पडीक’ ठरते. त्यापुढची पायरी भराव. गंमत अशी की जाहिरातीत घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या शेताचे पैसे घेतात आणि पुढच्या इमारतीसाठी तेच शेत बुजवतात.

खोली भाड्याने देणे आणि जमीन हातची जाऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेपट्टा म्हणजे विक्री नव्हे असे तुम्हाला सांगितले जाईल. २९ वर्षांनी त्या जमिनीवर माड नसतील, वीस खोल्यांचे जुने काँक्रीट असेल, आणि ते पाडण्याचा खर्च कोण करणार हे करारात लिहिलेले आहे का, ते आधी पाहा.


ताळेबंद यांचे उत्तर

खाजन यांचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून पर्यटनापूर्वीचे गाव स्वयंपूर्ण होते असा समज होऊ नये. पर्यटनाच्या कितीतरी आधी कोकणाची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटत होती. गिरणीतला कापूस, कापड आणि त्याचे भाव जगाच्या बाजाराशी बांधलेले होते, म्हणजे मालवणातले घरसुद्धा शंभर वर्षे जागतिक व्यापारावरच चालत होते. फरक इतकाच की तेव्हा माणूस बाहेर जात असे आणि आता गिऱ्हाईक दारात येते. बायका-मुलांपासून दूर, खानावळीच्या खोलीत पाळीपाळीने झोपण्यापेक्षा हे नक्कीच बरे, असे मला तरी वाटते.

आता पैशाच्या हिशेबाकडे येतो. समजा एका जोडप्याने तुमच्याकडे दोन रात्रींसाठी १०,००० रुपये मोजले. नोंदणी एखाद्या मोठ्या संकेतस्थळावरून झाली असेल तर त्यातले साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक दलाली म्हणून तिथेच कापले जातात. उरलेल्यातून पनीर, कोंबडी, बाटलीबंद पाणी, गाद्या-चादरी, वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती यांवर होणारा खर्च जिल्ह्याबाहेर, काही वेळा देशाबाहेर जातो. याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. तरीही मालक तुम्ही आहात, म्हणून नफा गावातच राहतो, घरातल्या माणसांची मजुरी घरात राहते आणि नारळ, कोकम, मासळी शेजाऱ्याकडून घेतली तर तीही गावातच फिरते. रिसॉर्टच्या बाबतीत नफा पुण्याला जाईल, व्यवस्थापक बाहेरचा असेल, झाडलोट आणि स्वयंपाकघरातली कामे परराज्यांतून आलेले मजूर करतील, कारण त्यांना कमी पगारात ठेवता येते, आणि गावाला भाडेपट्ट्याची रक्कम, ग्रामपंचायतीची घरपट्टी व थोड्या नोकऱ्या मिळतील. त्या रकमेतही सतरांपैकी अकरा वाटे मुंबईला जाणार आहेत. म्हणजे आज तुमच्या आठ खोल्यांतून गावात जेवढा पैसा फिरतो त्यापेक्षा वीस खोल्यांतून कमी फिरेल, हे अगदी शक्य आहे. कागद घेऊन बसा आणि बैठकीपूर्वी हा हिशेब स्वतः मांडा.

मालदीवचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिथे १९७२ पासून पर्यटन सुरू झाले ते निर्मनुष्य बेटांवर, एका बेटावर एक रिसॉर्ट अशा पद्धतीने; स्थानिक वस्तीची बेटे पर्यटकांच्या मुक्कामापासून दूर ठेवली गेली. धर्म आणि चालीरीती जपल्या जाव्यात हा एक हेतू होता, पण परिणाम असा झाला की सामान्य मालदीवी माणसाला या धंद्यात नोकर म्हणूनच जागा होती. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढायला मोकळीक मिळाली आणि माफुशीसारख्या बेटावर घरमालक स्वतः व्यावसायिक झाले. त्याबरोबर कचरा, सांडपाणी आणि किनाऱ्यावरच्या कपड्यांवरून होणारे वादही वस्तीत शिरले. पैसा जवळ आला की उपद्रवही जवळ येतो, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

विषमतेबद्दल एक वाक्य, जे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या गावात आज श्रीमंत-गरीब ठरते ते समुद्राकडे तोंड असलेली जमीन कोणाच्या पणजोबांना मिळाली यावरून, आणि तुम्ही स्वतः त्या नशीबवानांपैकी आहात.


खलाशी यांचे उत्तर

ताळेबंद यांनी शेवटी जे लिहिले आहे तिथूनच पुढे लिहितो, कारण माझ्या नावावर जमीन नाही. माझे वडील रापणीत होते. पहाटे जाळे टाकून दोन्ही टोकांनी चाळीस-पन्नास माणसे ते किनाऱ्यावर ओढत. रापणीच्या संघातल्या प्रत्येकाची वाटणी ठरलेली असे आणि दोरीला हात लावणाऱ्या पोरालाही कालवणापुरते मासे मिळत. त्यासाठी मोकळा किनारा लागतो. समुद्राला सातबारा नाही, त्यामुळे ज्या वाळूवर आमची जाळी सुकत होती तिथे खुर्च्या-छत्र्या कधी आल्या आणि आम्ही तिथले अडथळे कधी झालो, याची कोठेही नोंद नाही.

मात्र रापण पर्यटनाने मारली असे मी म्हणणार नाही. पर्ससीनच्या (मासळीचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) आणि प्रखर दिव्यांच्या नौकांनी मासळी आधीच ओरबाडून नेली होती. त्या मासळीचा पैसाही लांबच्या बाजारांतून येतो. मी आज पर्यटकांना होडीतून नेतो आणि पाण्याखाली उतरवतो, आणि मला मिळणारे पैसे वडिलांच्या वाटणीपेक्षा जास्त आहेत. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते शून्य असतात. होडी माझी नाही, कर्जही माझ्या नावावर मिळत नाही, आणि कोरोनाच्या वर्षी आमच्यातले बरेच जण पुन्हा जाळी शिवायला बसले होते. ज्यांनी जाळी विकून टाकली होती त्यांच्याकडे तेवढेही नव्हते.

कर्लीकाठ, रिसॉर्ट होवो वा न होवो, बागेतून किनाऱ्याकडे जाणारी जुनी पाणंद कागदावर आणून ठेवावी एवढी विनंती. कुंपण घातले की ती पहिली बंद होते आणि मासे घेऊन जाणाऱ्या बायकांना अर्धा मैल वळसा पडतो.


सावली यांचे उत्तर

मी बालीत उबुदजवळ तीन वर्षे राहिले, नृत्य शिकण्यासाठी. अलीकडे तिथे येणाऱ्या परदेशी पर्यटकांमध्ये ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल भारतीय आहेत, तेव्हा तिथल्या बऱ्यावाइटात आता आपलाही वाटा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

भाडेपट्ट्याची गोष्ट आधी सांगते. इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, त्यामुळे बालीतली भातखाचरे पंचवीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने, बहुधा सगळे पैसे आधी घेऊन, व्हिलांसाठी दिली जातात. कागदोपत्री जमीन शेतकऱ्याचीच असते. प्रत्यक्षात बालीतले खाचर एकटे नसते; डोंगरावरच्या तलावापासून खालपर्यंत पाट, बोगदे आणि जलमंदिरे यांनी जोडलेल्या सुबक नावाच्या संस्थेचा ते एक घटक असते. कोणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचे आणि कोणी कधी पडीक ठेवायचे, हे सुबकच्या मंदिरात ठरते. १९७० च्या दशकात सरकारने जास्त पिकासाठी सगळ्यांना सतत लागवड करायला लावली तेव्हा हे वेळापत्रक मोडले आणि तुडतुड्यांनी पिके खाल्ली. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले की मंदिरातली ती ‘धार्मिक’ वाटणारी पाळी कीडनियंत्रणाचेही काम करत होती. आता एका खाचरावर व्हिला उभी राहिली की पाट तिथे तुटतो, खालच्या तिघांचे पाणी जाते आणि तेही नाइलाजाने पट्टा करून देतात. २०१२ साली सुबकची भूदृश्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि ती बघायला येणाऱ्यांची वाहने उभी करण्यासाठी पुन्हा जमीन लागली. तुमच्या बागेशेजारचे लोक हे पाहतच असतील. तुमच्या निर्णयात तेही बांधले जाणार आहेत.

संस्कृतीबद्दल मात्र बालीने मला निराश केले नाही. हॉटेलांत मंदिरातली नृत्ये सर्रास होऊ लागली तेव्हा, १९७१ साली, तिथल्या जाणकारांनी देनपासारला परिषद भरवून नृत्यांचे तीन वर्ग ठरवले: फक्त देवळाच्या आतल्या अंगणात करायची ती वाली, विधीला जोडून होणारी बेबाली आणि निव्वळ मनोरंजनासाठीची बालिह-बालिहान. पर्यटकांपुढे करायचे ते तिसऱ्या वर्गातले. ही रेघ अनेकदा पुसट झाली आणि वादही झाले, पण रेघ कोठे ओढायची हे बालीच्या लोकांनी ठरवले, हॉटेलच्या व्यवस्थापकाने नव्हे. जुने ते सगळे अस्सल असेही नसते. जगभर बालीची ओळख झालेला केचक हा नृत्यप्रकार आजच्या रूपात १९३० च्या दशकात वॉल्टर स्पीस या जर्मन चित्रकाराच्या सहभागाने आणि पाहुण्या प्रेक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून घडला. न्येपी या मौन पाळण्याच्या सणाच्या दिवशी मात्र विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर कोणी फिरत नाही, आणि पंचतारांकित हॉटेलातल्या पाहुण्यालाही आवारातच बसावे लागते.

तुमच्याकडच्या दशावताराचा विचार या अंगाने करून पाहा. देवळात पेटाऱ्याची पूजा होऊन रात्री उशिरा गणपती आणि संकासुराच्या आड-दशावताराने सुरू होणारा आणि पहाटे दहीकाल्याला संपणारा खेळ एका रिसॉर्टच्या हिरवळीवर मी पाऊण तासात ‘उरकलेला’ पाहिला. त्यात युद्धाचा प्रसंग दोनदा होता आणि संकासूर नव्हताच. कलाकारांना मानधन चांगले मिळाले असे त्यांनीच सांगितले, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण पाऊण तासाचा वेगळा खेळ आणि जत्रेतला खेळ यांच्यामधली रेघ दशावतारी कंपनीच्या मालकांनी आणि देवस्थानाच्या मानकऱ्यांनी बसून ठरवली, तर दोन्ही टिकतील असे मला वाटते.


खारफुटी यांचे उत्तर

आपल्या आईंनी सांगितलेली डाळीची गोष्ट या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

वाळूच्या पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते, कारण ते हलके असते. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी सापडते. याचा उलटा अर्थ फार कमी लोक लक्षात घेतात: उपशामुळे वरची पातळी एक वीतभर उतरली तरी खालून खारे पाणी काही मीटर वर चढते. तुमच्यासारख्या नदी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर हे भिंग मुळातच पातळ असते. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार विहिरीत आले की डाळ टणक राहते. जिभेला खारटपणा कळण्याच्या आधी चुलीला तो कळतो. वीस खोल्या, हिरवळ आणि स्विमिंग पूल यांसाठी कूपनलिका घेतली तर तिचा परिणाम तुमच्या कुंपणापाशी थांबणार नाही. त्याच वाळूत शोषखड्डेही आहेत, म्हणजे वरून मैला आणि खालून मीठ. आधी विहिरीतल्या क्षारांची महिन्यातून एकदा मोजणी सुरू करा. त्याचे छोटे मीटर काही शे रुपयांत मिळते.

समुद्राच्या आत काय चालले आहे हे खलाशी माझ्यापेक्षा चांगले सांगू शकतील. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांना विश्वासात न घेता ते आखले गेले म्हणून त्याला विरोध झाला, आणि तो विरोध समजण्यासारखा होता. आज त्याच परिसरात पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून पाव आणि बिस्किटे टाकली जातात, होड्यांचे नांगर प्रवाळांवर पडतात आणि नवशिक्यांचे पाय त्यांवर टेकतात. थायलंडमधली माया बे अशाच कारणांनी २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद ठेवावी लागली. फिलिपिन्समधले बोराकाय बेटही २०१८ साली सहा महिने बंद होते, तिथे मुख्य कारण सांडपाण्याचे होते. त्या बंदीत मोठी हॉटेले तग धरून राहिली आणि रोजंदारीवरची माणसे घरी बसली, हे खलाशी यांनी सांगितलेल्या पावसाळ्यासारखेच आहे.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला वेगळी वाट सापडली. कासवांची अंडी पूर्वी चोरीला जात. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतच झाली. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, कमाई मर्यादित. मोठा पैसा हवा असणाऱ्यांना ती पुरणार नाही, हेही स्पष्ट सांगतो.


कर्लीकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ताळेबंद यांचे ते वाक्य टोचले, पण खरे आहे. खलाशी यांनी लिहिलेली पाणंद आमच्याच बागेतून जाते आणि ती आजवर कोठेही नोंदलेली नाही. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, ‘त्यात लिहायचं काय, ती आहेच.’ गणपतीच्या आधी तलाठ्याकडे जाऊन त्यासाठी काय करावे लागते ते पाहतो.

हिशेब मांडला. मुंबईच्या अकरा जणांना हवी असलेली रक्कम एकदम देणे मला शक्य नाही, हप्त्याने देता येईल का हे बैठकीत विचारणार आहे, आणि ते नाही म्हणाले तर बागेची वाटणी होऊन समुद्राकडचा तुकडा जाईल, हेही मला दिसते आहे. तसे झालेच तर कूपनलिका, शोषखड्डे, पाणंद आणि मुदतीनंतरचे बांधकाम या चार बाबी करारात याव्यात म्हणून एका वकिलांना मसुदा दाखवला आहे.

क्षार मोजण्याचे मीटर मागवले आहे. ते येईपर्यंत आईने स्वतःची पद्धत सुरू केली आहे: दर सोमवारी विहिरीच्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजत घालते आणि किती वेळ लागला ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवते.